जुन्या खिळ्यांचा नवा फॉन्ट आणि त्याचे बारसे

जुन्या छपाईवरून प्रेरणा घेतलेला फॉन्ट म्हणजे जुन्या जुळाऱ्याने जन्मभर जे दोष टाळले, ते नव्या संगणकावर मेहनतीने परत आणण्याची कला होय. शिशाच्या खिळ्यांवर शाई जास्त झाली की अक्षरांच्या कडा फुगत, कमी झाली की वेलांटी अर्धीच उठे, आणि खिळा झिजला की ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यातला फरक वाचकाच्या श्रद्धेवर सोपवावा लागे. यासाठी फोरमन जुळाऱ्याला चारचौघांत बोलणी घाली. आज अक्षररचनाकार हेच सगळे पडद्यावर आठपट मोठे करून बिंदूबिंदूने काढतो आणि त्याला ‘ऊब’ म्हणतो. ज्याने या उबेपायी बोलणी खाल्ली, त्याचे मत विचारण्याची पद्धत नाही.

या कलेचे दोन भाग आहेत. पहिला अक्षरे काढण्याचा, दुसरा नाव ठेवण्याचा. पहिल्या भागात वर्ष-दोन वर्षे जातात, चष्म्याचा नंबर वाढतो आणि पाठ धरते. अवघड आहे तो दुसरा भाग.

देवनागरी फॉन्टची परीक्षा कुठेही घेता येते. पण कल्याणनंतर कर्जतच्या बाजूला लागणारी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे या कामाला फार सोयीची. परीक्षक म्हणून नव्हे, प्रश्नपत्रिका म्हणून. तिन्ही नावे एकाखाली एक टाइप केली की फॉन्टची बहुतेक दुखणी न विचारता बाहेर येतात. अंबरनाथच्या आरंभीच ‘अ’ आहे. या अक्षराची छापील वळणे दोन, एक मुंबईचे आणि एक कलकत्त्याचे. ‘झ’, ‘ण’ आणि काही आकड्यांचीही हीच तऱ्हा. कलकत्ता वळणाचा ‘अ’ दिसला की मराठी वाचकाला पुस्तक संस्कृत असावे असे वाटते आणि तो ते आदराने बाजूला ठेवतो. बदलापूरच्या पोटात ‘ल’ आहे. मराठी ‘ल’ दोन पाकळ्यांचा, हिंदी ‘ल’ उभ्या दांडीचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी वर्णमालेचा शासन निर्णय काढला आणि त्यात पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ यांना मान्यता दिली. पाकळ्या आणि देठ यांचा निर्णय मंत्रालयात एरवी फलोत्पादन खाते घेते.

उल्हासनगरने तर कहर केला आहे. तिथे हाच ‘ल’ अर्धा होऊन ‘ह’ला चिकटतो. दांडीचा ‘ल’ अर्धा करायचा तर दांडी काढली की भागते. पाकळीच्या ‘ल’ला तशी दांडीच नाही, त्यामुळे नेमके काय कापावे या प्रश्नावर रचनाकाराचा एक आठवडा जातो. पुष्कळ जण शेवटी गुपचूप हिंदी ‘ल’ अर्धा करून बसवतात आणि शहराचे नाव पाऊण मराठी, पाव हिंदी होऊन बसते. उल्हासनगरात हे प्रमाण कोणाला खटकत नाही.

फलाटाच्या टोकाला उभ्या असलेल्या पिवळ्या पाटीवर रेल्वे गावाचे नाव मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत असे तीनदा लिहिते. उल्हासनगरच्या पाटीवर देवनागरीतल्या दोन ओळी तंतोतंत सारख्या. एक मराठीत वाचायची आणि दुसरी हिंदीत. बदलापुरात मराठीचा ‘पू’ दीर्घ आणि हिंदीचा ‘पु’ ऱ्हस्व, म्हणजे दोन भाषांमधला सगळा वाद एका उकारावर मिटवलेला. मुंबईच्या लोकलच्या अशा हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरीन ली श्मिट यांनी ‘यात्रा वन’ नावाचा फॉन्ट केला. त्यातली गंमत अशी की इंग्रजी अक्षरेसुद्धा देवनागरी बोरूच्या कोनात काढलेली आहेत. एरवी संगणकाच्या राज्यात देवनागरीने इंग्रजीच्या मापात बसायचे, असा रिवाज. इथे इंग्रजीला मान तिरपी करावी लागली. संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये दादरपासून त्याच कोनात मान ठेवून उभे राहणाऱ्यांना यात विशेष काही वाटण्याचे कारण नाही.

फॉन्टला ‘ऐतिहासिक’ म्हणायचे तर मागे इतिहास हवा, आणि मराठी छपाईचा इतिहास प्रेरणा घेण्याजोगा आहे. तो सुरू होतो खिळे नसण्यापासून. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत, कारण देवनागरी खिळेच नव्हते. पुढे भीमजी पारेख या गुजराती व्यापाऱ्याने १६७४ साली विलायतेहून मुद्रक आणवला. मुद्रक आला, यंत्र आले, आणि मग लक्षात आले की या गृहस्थांना छापता येते, अक्षरे घडवता येत नाहीत. ऑर्डर देताना यादी नीट न करण्याची आपली परंपरा इतकी जुनी आहे.

१८०५ साली विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपुरात छापून निघाले. हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालातले. तिथले खिळे पंचानन कर्मकार आणि त्यांच्या शिष्यांच्या हातचे, त्यामुळे मराठीचे छापील बालपण बंगाली वळणात गेले. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८१७ पासून मराठी छपाई सुरू केली. त्यांच्या छापखान्यात काम पाहून शिकलेले गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा शिळाछाप छापखाना उभारला आणि १८३१ साली पंचांग छापले. छापलेल्या कागदाला सोवळी मंडळी हात लावीनात, कारण शाईत जनावराची चरबी असते, असा बोभाटा होता. गणपत कृष्णाजींनी चरबीच्या जागी तूप वापरले, असे सांगतात. नव्या फॉन्टमध्ये शाईचा पसर दाखवताना तो चरबीचा की तुपाचा हे स्पष्ट करावे, अशी मागणी अजून कोणी केलेली नाही. पण पुण्याहून पत्र येऊ शकते.

खरे वळण लागले ते जावजी दादाजींमुळे. जन्म १८३९ चा. कोवळ्या वयात मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागलेल्या या माणसाने १८६४ साली खिळ्यांची ओतशाळा काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. अक्षरे कोरायला राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कारागीर जोडीला होता. हे काम असे चाले. पोलादाच्या छोट्या दांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, तो पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकून त्याचा ठसा घ्यायचा, त्या ठशात शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा रस ओतायचा आणि निघालेला खिळा घासूनपुसून खणात टाकायचा. पोलादावर चूक झाली तर ती पुसता येत नाही. दांडी फेकून पहिल्यापासून सुरुवात. आजच्या रचनाकाराला मागे घेण्याची कळ असते. ती तो इतक्या वेळा दाबतो की तिच्यावरचे अक्षर सगळ्यात आधी झिजते, आणि कळफलकावर ऐतिहासिक परिणाम आपोआप साधतो.

निर्णयसागरच्या वळणाने पुढे देवनागरीला मापदंड दिला. हार्वर्डच्या मूर्ती क्लासिकल लायब्ररीच्या ग्रंथांसाठी ज्या देवनागरी अक्षरांची नव्याने रचना झाली, तीही याच परंपरेचा वारसा सांगते, आणि त्यातूनच ‘टायरो देवनागरी’ हे फॉन्ट आले. मराठीसाठी वेगळा, हिंदीसाठी वेगळा आणि संस्कृतसाठी वेगळा, अशी तीन भावंडे. वाटण्या मात्र शांततेत झाल्या. यात ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की वळणाला नाव राहिले छापखान्याचे. पोलादावर डोळे फोडणाऱ्या राणोजींचे नाव मुद्रणाच्या अभ्यासकांपलीकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. युरोपात उलट प्रकार, तिथे अक्षरांना कोरणाऱ्याचे नाव देतात. पण त्यानेही न्याय होतोच असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘गॅरामाँ’ म्हणून जी अक्षरे मोठ्या आदराने पुन्हा घडवली गेली, त्यांतली बरीचशी मुळात झाँ झान्नाँ नावाच्या भलत्याच कारागिराची होती. हे १९२६ साली बीट्रिस वॉर्ड यांनी दाखवून दिले, तेही पॉल बोजाँ हे पुरुषी टोपणनाव घेऊन. म्हणजे चुकीच्या नावाचा शोध खोट्या नावाने लागला. फॉन्टचे नाव अजून बदललेले नाही.

स्थानिक अभिमान जागृत असेल तर छपाईच्याही मागे जाता येते. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणि याच्या काळातला शिलालेख आहे. त्याची नागरी अक्षरे दगडात कोरलेली असल्याने शाईच्या पसराचा प्रश्न मिटतो. मात्र त्यावरून फॉन्ट करायचा तर कोरणाऱ्याने न वापरलेली अक्षरे आपल्या मनाने घालावी लागतात. शिलाहारांच्या राज्यात ‘ॲ’ नव्हता, ‘ऑ’ नव्हता आणि ‘कॅम्प’ हा शब्दही नव्हता. उल्हासनगर त्याच्या ‘कॅम्प’ म्हणवणाऱ्या पाचही भागांसकट लिहायचे असेल तर अकराव्या शतकाला चंद्रकोर शिकवावी लागते.

नमुना मिळवणे ही प्रत्यक्ष कामाची पहिली पायरी. कधीकाळी या पट्ट्यात पावतीपुस्तके, लग्नपत्रिका आणि किराणा दुकानांची बिलबुके छापणारे छापखाने होते. लांबट खोली, दाराशी ट्रेडल मशीन, भिंतीला लाकडी केसी, त्यांच्या खणांत खिळे आणि खणांच्या कोपऱ्यात झुरळे. ऑफसेट आणि डीटीपी आल्यावर खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले. शिशाला भाव बरा होता, इतिहासाला नव्हता. त्यामुळे आजचा रचनाकार खिळे शोधत फिरतो तेव्हा त्याला भंगारवाला भेटतो, आणि ‘साहेब, दहा वर्षं आधी यायचं होतं’ असे सांगतो. हे वाक्य कोणत्याही वर्षी गेले तरी ऐकायला मिळते. मग जुन्या पोथीच्या पानावरच काम भागवावे लागते.

असे पान भिंगाखाली धरले की पहिल्यांदा दिसते ती शिरोरेषा. वाचताना ती सलग वाटते, पण ती सलग नसते. प्रत्येक खिळा आपल्यापुरता रेषेचा तुकडा घेऊन येतो आणि शेजाऱ्याच्या तुकड्याला टेकतो. टेकतो असे म्हणायचे. दोन तुकड्यांमध्ये केसाएवढी फट राहते, काही ठिकाणी एक तुकडा किंचित वर आणि दुसरा खाली. उकार असलेला खिळा झिजलेला असेल तर शेपूट फक्त उमटल्यासारखे होते. अनुस्वाराचे टिंब कधी गोल, कधी चौकोनी, आणि कधी ते अनुस्वार नसून कागदातला काडीकचरा असतो. मूळ लेखकाचे ‘अंत’ आणि छापलेले ‘अत’ यांच्यामधल्या त्या टिंबावर विद्वानांनी लेख लिहिलेले असू शकतात.

आता यातले काय ठेवायचे? फटी ठेवल्या तर ग्राहक म्हणतो, फॉन्ट फाटका आहे. फटी बुजवल्या तर रचनाकार म्हणतो, मग यात जुने ते काय? मधला मार्ग म्हणून कडांना किंचित गोलाई देतात, जाड-बारीक रेषांमधला फरक थोडा कमी करतात आणि माहितीपत्रकात ‘शाईचा स्पर्श’ असे लिहितात. स्पर्श दिसतो तो माहितीपत्रकातच जास्त.

मात्रा आणि उकार यांचा प्रश्न याहून जुना. खिळ्यांच्या काळात दोन पद्धती होत्या. ‘डिग्री’ पद्धतीत वरची मात्रा, मधले अक्षर आणि खालचा उकार यांचे खिळे वेगळे, आणि जुळारी ते एकावर एक रचून ओळ उभी करी. ‘अखंड’ पद्धतीत ही रास करावी लागत नसे, पण खिळ्यांची संख्या शेकड्यांवर जाई आणि केस एवढी रुंद होई की जुळाऱ्याला जुळणीपेक्षा चालणेच जास्त. खिळे कमी करण्याच्या ध्यासाने लोकमान्य टिळकांनीही केसरीच्या छापखान्यात डोके घातले होते, आणि सावरकरांनी तर ‘इ’, ‘उ’ यांना सुट्टी देऊन ‘अ’लाच वेलांटी-उकार लावून काम भागवण्याचा मार्ग काढला. संगणकाने पोटात पुन्हा डिग्री पद्धतच ठेवली आहे. फरक एवढाच की पूर्वी सुटलेली मात्रा जमिनीवर पडे आणि सापडे. आता ती पुढच्या अक्षरावर जाऊन बसते आणि फ्लेक्स चौकात लागल्यावर सापडते.

उल्हासनगरसाठी फॉन्ट करणाऱ्याला एक जादा पेपर सोडवावा लागतो, तो सिंधीचा. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना दिली गेली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिचे नाव उल्हासनगर ठेवले. सिंधी भाषा अरबी वळणाच्या लिपीतही लिहितात आणि देवनागरीतही. देवनागरीत तिला चार खास अक्षरे लागतात, ॻ, ॼ, ॾ आणि ॿ. आत ओढून उच्चारायच्या या व्यंजनांखाली एक आडवी रेघ असते. दिसायला सोपे वाटते, पण रेघ खाली आणि उकारही खालीच, म्हणजे ‘ॿु’ लिहायची वेळ आली की दोघांना एकाच जागेवर बसायचे असते. आणि ही वेळ रोज येते, कारण सिंधीत ऐकण्याला ‘ॿुधणु’ म्हणतात. मराठी फॉन्ट करणाऱ्यांपैकी बरेच जण ही चार अक्षरे काढतच नाहीत. त्यांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. झूलेलालच्या उत्सवाची पत्रिका चौकोनांत छापून आली की गिऱ्हाईक दुकानदाराला ‘साईं, हे काय?’ असे विचारते, आणि दुकानदार ‘डिझाइन आहे’ असे सांगतो.

यानंतर फॉन्ट प्रत्यक्ष वापरून पाहण्याची पायरी येते. त्यासाठी फ्लेक्सच्या दुकानासारखी जागा नाही. भावी नगरसेवकाचा वाढदिवस उद्यावर आलेला असतो आणि कार्यकर्ते ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभे असतात.

‘दादा, अक्षर जुनं वाटलं पाहिजे. पण दिसायला नवं पाहिजे.’

‘हा नवीन आलाय बघा. जुन्या छापखान्याचा.’

‘बारीक वाटतोय. भाऊंचं नाव फोटोतल्या साखळीपेक्षा जाड पाहिजे.’

ऑपरेटर अक्षर ठळक करतो, त्याला पांढरी कड देतो, तिच्याबाहेर लाल कड, तिच्याबाहेर काळी सावली, आणि पोटात सोनेरी रंग भरतो. रचनाकाराने दोन वर्षे खपून आणलेला शाईचा पसर आता चार थरांच्या आत सुरक्षित असतो. पुढे कोणालाही तो दिसण्याचा धोका राहत नाही. मजकूर बदलापुरात घरी बसून जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर उल्हासनगरच्या दुकानात तो उघडताच भाऊंच्या नावाच्या जागी टोप्या घातलेली फिरंगी अक्षरे, डॉलर आणि प्रश्नचिन्हे येतात. कार्यकर्त्यांपैकी एखादा म्हणतो, ‘इंग्लिशमध्ये पण टाकलं का? बरं केलं.’

आता नाव. आपल्याकडे फॉन्टना नावे देण्याच्या अनेक शाळा आहेत आणि एकीचा दुसरीशी संबंध नाही. खिळ्यांच्या काळात नावापेक्षा आकार महत्त्वाचा होता आणि आकारांची नावे विलायती होती. पायका, ग्रेट प्रायमर, आणि चौदा पॉइंटाला चक्क ‘इंग्लिश’. त्यामुळे अस्सल मराठी पोथी इंग्लिशमध्ये जुळवता येई आणि धर्मही बुडत नसे. संगणक आल्यावर घरगुती नावांची लाट आली. सी-डॅकने सुरेख आणि योगेश आणले. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांचा मंगल घरोघर गेला. त्यानंतर अपराजिता, कोकिळा, उत्साह आणि निर्मला आल्या, आणि विंडोजमधली देवनागरी फॉन्टची यादी लग्नपत्रिकेतल्या ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ खालच्या नावांसारखी दिसू लागली. दुसरी शाळा आकड्यांची. ‘श्री देवनागरी ७१४’ हा ॲपलच्या संगणकात बसलेला फॉन्ट त्याच घराण्यातला. नावाचा प्रश्नच ज्याने निकालात काढला, अशी ही एकमेव शाळा. उल्हासनगरकरांना ती लगेच पटेल, कारण त्यांच्याकडे वस्त्यांना सेक्शनचे नंबर आहेत आणि ‘सतरा सेक्शनला उतरवा’ म्हटले की रिक्षावाला अर्थ विचारत नाही.

अलीकडची शाळा खाण्यापिण्याची आणि हुद्द्यांची. बिर्याणी नावाचा फॉन्ट आहे. सरपंच नावाचा आहे. ‘एक टाइप’ या मुंबईच्या अक्षररचनाकारांच्या संस्थेने मोदक केला, आणि तो इतका जाड आहे की अक्षरांच्या पोटातली पांढरी जागा जवळजवळ उरलेलीच नाही. सारण ठासून भरल्याचा परिणाम पुरता साधतो. त्याच संस्थेने ‘बालू’ नावाचा गुबगुबीत फॉन्ट अनेक लिप्यांत केला आणि प्रत्येक लिपीत त्याला भावाचे नाते दिले. गुजरातीत तो बालू भाई, बंगालीत बालू दा, गुरुमुखीत बालू पाजी, तमिळमध्ये बालू तंबी, मल्याळममध्ये बालू चेट्टन, उर्दूत बालू भाईजान. देवनागरीच्या वाट्याला नाते आलेच नाही. तिथे तो नुसता बालू राहिला आणि नवी आवृत्ती निघाली तेव्हा ‘बालू २’ झाला. ज्या मुलखात प्रत्येक चौकात निदान तीन दादा आणि पाच भाऊ फ्लेक्सवर असतात, तिथे एक फॉन्टला देता आला नाही, हे विचार करण्यासारखे आहे. कदाचित कोणता द्यावा यावर एकमत झाले नसावे.

आता या तीन शहरांच्या फॉन्टला त्यांच्यातलेच नाव द्यायचे ठरवले तर माल मुबलक आहे. उल्हासनगरातले ‘गोल मैदान’ हे गोलाई दिलेल्या जाड फॉन्टसाठी देवानेच राखून ठेवलेले नाव. बदलापूरचे ‘कात्रप’ कोनदार, धारदार अक्षरांना शोभेल. ‘चिखलोली’मध्ये शाईच्या पसराचा पुरेपूर अर्थ आहे, पण विक्री खाते तयार होणार नाही. अंबरनाथचे ‘विमको’ हे काडेपेटीच्या कारखान्याचे नाव, तेव्हा ते भडक जाहिरातीच्या फॉन्टला चालावे. मात्र दुसऱ्याच्या नावावर काडी ओढण्याआधी वकिलाला विचारलेले बरे. खुद्द ‘बदलापूर’ हे नाव सुचवणारे एकदोघे असतातच. इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असे लोक सांगतात, आणि दर आवृत्तीला काहीतरी बदलणाऱ्या फॉन्टला ते सार्थ होईल. पण २०१५ साली त्या नावाचा हिंदी चित्रपट आल्यापासून बाहेरच्या लोकांना त्यात सूड दिसतो. रचनाकाराला पैसे वेळेवर मिळाले नसतील तर हरकत नाही.

जाडीच्या पायऱ्यांनाही नावे लागतात. इंग्रजीत लाइट, रेग्युलर, मीडियम, बोल्ड, ब्लॅक. मराठीत बारीक, साधा, मध्यम, ठळक आणि त्यानंतर शब्द संपतात, कारण ‘अतिठळक’ म्हटले की सरकारी वाटते. उल्हासनगरची व्यवस्था इथे कामी येते. कॅम्प १ पासून कॅम्प ५ पर्यंत पाच जाड्या बरोबर बसतात. ‘भाऊंचं नाव कॅम्प पाचमध्ये टाका आणि शुभेच्छुकांची कॅम्प एकमध्ये’ एवढे सांगितले की ऑपरेटरला पुढचे कळते. शुभेच्छुक दुसऱ्या दिवशी भांडायला येतात तो भाग निराळा.

नाव ठरले तरी ते कोणाचे राहणार, हा प्रश्न उरतो. खुल्या फॉन्टसाठी जगभर चालणाऱ्या ओपन फॉन्ट लायसन्समध्ये राखीव नावाचे एक कलम आहे. ज्याने ते लावले, त्याचा फॉन्ट कोणीही घ्यावा, वाटावा, हवा तसा बदलावा; पण बदललेल्या फॉन्टला मूळचे नाव लावायचे नाही. आकार सगळ्यांचा, नाव एकट्याचे. उल्हासनगरविषयी जी आख्यायिका उभ्या महाराष्ट्रात सांगितली जाते, तिच्यात याच्या नेमके उलटे कलम होते. माल आपला आणि नाव मात्र ‘मेड इन यूएसए’, त्यातला यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. आख्यायिका खरी असो नसो, नामकरणाच्या शास्त्रात तिची बरोबरी करणारे उदाहरण सापडणे कठीण. तीन अक्षरांत शहर आले, समाज आला, संघटना आली, आणि गिऱ्हाइकाला वाटले अमेरिका.

शेवटची अट तांत्रिक आहे आणि ती टाळता येत नाही. फॉन्टच्या फाइलीत त्याचे एक अंतर्गत नाव नोंदवावे लागते. छपाईची यंत्रणा त्याच नावाने त्याला हाक मारते, आणि ते रोमन लिपीतच लागते. मध्ये जागा सोडायची नाही, काना-मात्रा नाही, त्रेसष्टपेक्षा जास्त अक्षरे नाहीत. देवनागरीची शेकडो अक्षरे आणि जोडाक्षरे ज्या फाइलीत दाटीवाटीने बसली आहेत, तिला स्वतःचे नाव देवनागरीत सांगण्याची परवानगी नाही. ख्रिस्तपुराणाची अडचण एवढ्यापुरती चारशे वर्षे टिकून आहे. मग स्पेलिंगचा वाद सुरू होतो. अंबरनाथमधल्या ‘ब’नंतर ए लिहायचा की ई, हे गावातल्या दुकानांच्या पाट्यांनाही एकमताने ठरवता आलेले नाही. चिखलोलीत एच किती हे कोणी सांगत नाही. कात्रपच्या पहिल्या अक्षरात एक ए घातला तर पुण्याकडचे ‘कत्रप’ वाचतात, दोन घातले तर फॉन्ट फिनलंडचा वाटतो. अखेर नावासाठी भरलेल्या सभेत ‘उल्हास’ हे नाव मंजूर होते, ते त्या नावाच्या नदीमुळे नव्हे आणि अर्थामुळे तर नव्हेच, त्याचे स्पेलिंग सगळ्यांनी एकसारखे केले म्हणून.